माऊस बंद पडतो तेव्हा : दुरुस्तीचे मराठी गद्य

संगणकाच्या 'माऊस'ला मराठीत काय म्हणावे, या प्रश्नावर मराठीच्या प्राध्यापकवर्गाने आजवर पुष्कळ वेळ खर्च केला आहे. कोणी 'मूषक' सुचविले, कोणी सरळ 'उंदीर' म्हणावे असा आग्रह धरला आणि गणपतीच्या वाहनाचा दाखला देऊन चर्चासत्रात एक हमखास हशाही वसूल केला. हा वाद आम्हांस निरर्थक वाटत नाही. 'क्लिक'साठी 'टिचकी' हा सुरेख शब्द याच खटपटीतून रूढ होऊ लागला होता. परंतु तोच माऊस एखाद्या दिवशी एकाएकी हलेनासा झाला, की त्याला नेमके काय झाले आहे हे दोन नेटक्या मराठी वाक्यांत सांगणे आमच्यापैकी बहुतेकांना जमत नाही. 'चालत नाही' एवढे एकच वाक्य निघते आणि त्यानंतर कोणाला तरी फोन लावला जातो. वस्तूच्या नावाविषयी इतकी जागरूकता आणि तिच्या बिघाडाविषयी इतके मौन, ही विसंगती आम्हांस लक्षणीय वाटते. बिघाडाचे वर्णन आणि त्याच्या निवारणाचे लेखन हा मराठीच्या वर्गाचा विषय आहे, असे आमचे मत आहे. ते येथे सविस्तर मांडावयाचे आहे.

प्रथम यंत्राविषयी थोडे. डग्लस एंगलबर्ट आणि त्यांचे सहकारी बिल इंग्लिश यांनी स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत १९६४ च्या सुमारास माऊसचा पहिला नमुना घडविला. तो लाकडी होता आणि त्याच्या तळाशी परस्परांशी काटकोनात बसविलेली दोन चाके होती : एक आडव्या हालचालीची नोंद घेणारे, दुसरे उभ्या. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे एंगलबर्टनी त्याचे जाहीर प्रात्यक्षिक केले. पेटंट १९७० साली मिळाले. त्या पेटंटात या वस्तूचे नाव भारदस्त तांत्रिक भाषेत दिलेले आहे, 'माऊस' हे तिचे प्रयोगशाळेतले घरगुती नाव. शेपटीसारख्या वायरीमुळे ते पडले. पण प्रथम कोणी ठेवले, हे पुढे खुद्द एंगलबर्टनाही सांगता येत नव्हते. परिभाषा घडविणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कागदोपत्री नाव कागदावरच राहिले आणि काम करणाऱ्यांच्या तोंडचे नाव जगभर गेले.

आणखी एक तपशील महत्त्वाचा आहे. एंगलबर्टच्या मांडणीत उजव्या हाताखाली माऊस, मध्ये कळफलक आणि डाव्या हाताखाली पाच कळांची एक वेगळी पट्टी होती. माऊस हा अनेक साधनांपैकी एक होता. आज आमच्या विद्यार्थ्यांची समजूत मात्र माऊस म्हणजेच संगणक अशी झालेली दिसते. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एम.एस.-सी.आय.टी. अभ्यासक्रमाने खेड्यापाड्यांतील लाखो हातांना माऊसची ओळख करून दिली, हे त्याचे मोठेच कार्य. परंतु अलीकडच्या पिढीचा हात प्रथम मोबाइलच्या काचेवर स्थिरावतो आणि माऊस त्याच्या वाट्याला अठराव्या-विसाव्या वर्षी, तोही महाविद्यालयात किंवा बाजारपेठेतील सेवाकेंद्रात, येतो. अशा विद्यार्थ्याच्या हातातील माऊस थांबला की पडद्यावरचा बाण थांबतो आणि बाणाबरोबर त्याचे सारे कामच थांबते.

बिलोलीसारख्या ठिकाणी हे थांबणे किती महागात पडते, हे शहरातील वाचकांना सांगावे लागेल. नांदेड जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, तेलंगणाच्या सीमेला लागून असलेला हा तालुका. परीक्षेचे अर्ज, शिष्यवृत्तीचे अर्ज, लघुशोधप्रबंध, सारे आता संगणकावर. मुदतीच्या शेवटच्या संध्याकाळी एका टेबलाभोवती आठ-दहा मुले-मुली उभ्या असतात आणि दुरुस्ती जाणणारा मनुष्य दुसऱ्या गावी गेलेला असतो. अशाच एका संध्याकाळी एम.ए.च्या एका विद्यार्थिनीच्या लघुशोधप्रबंधाची बारा पाने आम्ही नाहीशी होताना पाहिली. माऊस हलेनासा झाला. केंद्रचालकाने यंत्र मुख्य बटणावरून बंद करून पुन्हा चालू केले. माऊस हलू लागला, पाने मात्र गेली. ती साठविलेली नव्हती. कळफलक सुरूच होता. कंट्रोल आणि एस या दोन कळा एकत्र दाबल्या असत्या तर एक अक्षरही गेले नसते. ही माहिती जगात सर्वत्र आहे. तिच्या टेबलापाशी, तिच्या भाषेत, त्या क्षणी ती नव्हती, इतकेच.

म्हणून ही माहिती येथे क्रमाने मांडतो. क्रमालाच येथे महत्त्व आहे.

सर्वप्रथम हातातले काम वाचवावे. कंट्रोल आणि एस दाबावे. फाइलला अद्याप नाव दिले नसेल तर नाव विचारणारी चौकट येईल, तीत नाव लिहून एंटर दाबावे. त्यानंतर पहिला प्रश्न : थांबले ते काय, माऊस की संपूर्ण संगणक? कळफलकावरील कॅप्स लॉक किंवा नम लॉक ही कळ दाबून पाहावी. तिचा दिवा लागत-विझत असेल तर संगणक जागा आहे आणि दोष बहुधा माऊसच्या बाजूचा आहे. दिवा ढिम्म राहिला, अक्षरेही उमटेनात, तर संगणकच थिजला आहे. अशा वेळी काही मिनिटे थांबून पाहावे, आणि तरीही काही घडले नाही तरच मुख्य बटणाचा विचार करावा.

संगणक जागा असेल तर दुसरा प्रश्न माऊसपर्यंत वीज पोहोचते काय, हा. माऊस उलटा करून तळाशी दिवा दिसतो का ते पाहावे. काही माऊसचा प्रकाश डोळ्यांना न दिसणारा असतो, त्यामुळे दिवा न दिसणे हा अंतिम पुरावा नव्हे; दिसणे हा मात्र उपयुक्त पुरावा आहे. दिवा नसेल तर वायर काढून संगणकाच्या दुसऱ्या यूएसबी खाचेत लावावी. वायर माऊसच्या मानेपाशी, म्हणजे जेथे ती आत शिरते तेथे, हळूच हलवून पाहावी. वारंवार वाकल्यामुळे आतील तार बहुधा तेथेच तुटते, आणि मग बाण क्षणभर हलतो व पुन्हा थांबतो. माऊस बिनतारी असेल तर तळाचे बटण चालू आहे काय, बॅटरी उतरली आहे काय आणि संगणकात खोचलेला लहानसा ग्राहक घट्ट बसला आहे काय, हे पाहावे. जुन्या यंत्रांवर गोल तोंडाची, सहा टाचण्यांची खाच असते. तेथील जोडणी सैल झाली असेल तर संगणक रीतसर बंद करावा, जोडणी करावी आणि मग चालू करावा. ही खाच चालू संगणकात काढघाल करण्यासाठी बनविलेली नाही.

तिसरा प्रश्न, माऊस ज्यावर फिरतो त्या पृष्ठभागाचा. जुन्या माऊसमध्ये रबरी चेंडू असे आणि तो आतील दोन रुळांना फिरवी. त्या रुळांवर धूळ आणि सुताचे वेटोळे बसले की बाण अडखळे. आजचा माऊस तळाच्या प्रकाशात पृष्ठभागाची सेकंदाला हजाराहून अधिक चित्रे टिपतो, त्यांची परस्परांशी तुलना करतो आणि त्यावरून आपण कोणीकडे सरकलो हे ठरवितो. काचेवर किंवा चकचकीत सनमायक्यावर त्याला टिपण्याजोगे काही सापडत नाही, म्हणून तो गोंधळतो. खाली एक साधा कागद ठेवला तरी पुष्कळदा काम भागते. तळाच्या छिद्रात धूळ किंवा केस अडकला असेल तर तो काढावा. आमच्याकडच्या उन्हाळ्यात हा दोष विरळा नाही.

चौथा प्रश्न निर्णायक आहे. हाच माऊस दुसऱ्या यंत्रावर चालतो का? आणि दुसरा माऊस याच यंत्रावर चालतो का? जवळ दुसरा संगणक नसेल तर बहुतेक अँड्रॉइड मोबाइललाही लहानशा ओटीजी जोडणीने माऊस लावता येतो. तो चालत असल्यास मोबाइलच्या पडद्यावर बाण उमटतो. माऊस तेथे चालला तर तो निर्दोष आहे आणि दोष संगणकात शोधावयाचा आहे. मग संगणक रीतसर बंद करून पुन्हा सुरू करावा : विंडोजची कळ दाबून, टॅब आणि बाणांच्या कळांनी पुढे सरकत, एंटरने निवड करीत. तरीही भागले नाही तर विंडोज कळ आणि एक्स एकत्र दाबावे. उघडलेल्या यादीत 'डिव्हाइस मॅनेजर' आहे. तेथे माऊसची नोंद निवडून डिलीट कळेने काढून टाकावी आणि संगणक पुन्हा सुरू करावा. विंडोज ती नोंद नव्याने करून घेते. लॅपटॉपच्या पाटीवर बोट फिरवून काही घडत नसेल, तर वरच्या ओळीतील एखाद्या कळेने ती पाटी अनवधानाने बंद झाली आहे काय, हेही पाहावे.

दरम्यान काम अडत असेल तर विंडोजमध्ये एक सोय आहे. डावी आल्ट, डावी शिफ्ट आणि नम लॉक या तीन कळा एकत्र दाबल्या व येणाऱ्या चौकटीला एंटरने होकार दिला, की उजव्या बाजूच्या अंकफलकावरील ४, ६, ८ आणि २ या कळांनी बाण डावीकडे, उजवीकडे, वर व खाली सरकतो आणि ५ ने टिचकी बसते. मुदतीच्या रात्री अर्जावरील शेवटची टिचकी मारण्यास एवढे पुरते. २००६ सालापासून विनामूल्य मिळत आलेली एनव्हीडीए ही वाचक-प्रणाली वापरणारे अंध वाचक व अभ्यासक तर कायमच माऊसवाचून, केवळ कळफलकावर, संगणक चालवितात. माऊस बंद पडला म्हणजे सारे बंद पडले, या समजुतीला त्यांचे रोजचे काम हेच उत्तर आहे.

आता या क्रमामागील पद्धतीकडे साहित्याच्या अभ्यासकाने बारकाईने पाहावे. एका वेळी एकच बदल करावयाचा, हे तिचे मुख्य सूत्र. माऊसही बदलला आणि खाचही बदलली, आणि बाण हलू लागला, तर दोष कोठे होता हे कधीच कळत नाही. हाच माऊस दुसरीकडे आणि दुसरा माऊस येथे, अशी उलटसुलट पडताळणी करूनच निष्कर्षाला यावयाचे असते. पाठचिकित्सेचा संपादक याहून वेगळे काय करतो? पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ साली, 'ज्ञानेश्वरी'ची शुद्ध प्रत सिद्ध केली. त्यांच्यासमोर अनेक हातांतून गेलेला, अपपाठ शिरलेला ग्रंथ होता. कोणता शब्द मूळचा आणि कोणता लेखनिकाच्या हातून घुसलेला, हे ठरविताना दोष नेमका कोठे शिरला हे शोधणे भाग होते. लक्षणावरून कारणाकडे जाणे, पर्याय एकेक करून वगळणे आणि पुराव्यापलीकडे न बोलणे, ही शिस्त आम्ही वर्गात पाठचिकित्सेच्या तासाला शिकवितो. ती शिस्त हस्तलिखिताला लागू आणि टेबलावरील यंत्राला गैरलागू, असे मानण्याचे कारण नाही. विद्यार्थ्याला यंत्राच्या उदाहरणावरून पाठचिकित्सा अधिक लवकर समजते, असा आमचा अनुभव आहे.

भाषेचा मुद्दा याहूनही महत्त्वाचा. 'चालत नाही' या एका क्रियापदाखाली निदान पाच वेगवेगळे बिघाड दडलेले असतात. बाण थिजतो, म्हणजे मुळीच हलत नाही. बाण अडखळतो, म्हणजे थांबत-थांबत हलतो. बाण भरकटतो, म्हणजे हात एकीकडे आणि तो दुसरीकडे. बाण थरथरतो, म्हणजे हात स्थिर असतानाही तो हलतो. आणि टिचकी दुणावते, म्हणजे एकदा दाबले असता दोनदा उमटते. या पाचांची कारणे वेगवेगळी आहेत. थिजणे हे वीज, जोडणी किंवा संगणकाकडे बोट दाखविते. अडखळणे हे तार, धूळ किंवा उतरलेल्या बॅटरीकडे. भरकटणे आणि थरथरणे ही बहुधा पृष्ठभागाची तक्रार. आणि टिचकी दुणावणे म्हणजे बटणाखालची लहानशी कळ झिजली. यांतील एकही क्रियापद आम्ही नव्याने घडविलेले नाही. ती सारी मराठीत आहेत आणि आमच्या विद्यार्थ्यांच्या आज्यांच्या बोलण्यात तर याहूनही अधिक आहेत. बैल कसा चालेनासा झाला हे सांगताना शेतकरी 'चालत नाही' यावर थांबत नाही. तो लंगडतो, अडतो, बसकण मारतो की बुजतो, हे तो नेमके सांगतो, कारण त्यावर उपाय अवलंबून असतो. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या 'गावगाड्या'त बलुतेदारांच्या कामाधंद्याचे जे शब्द नोंदले गेले, ते अशाच गरजेतून जन्मले होते. नेमकेपणा मराठीजवळ पुरेसा आहे. नव्या यंत्रासमोर आम्ही तो वापरीत नाही, एवढेच.

परिभाषेच्या प्रश्नाबाबत आमच्या प्रदेशाने एक मोठा प्रयोग जवळून पाहिलेला आहे. बिलोली १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते. त्या संस्थानाने १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ काढले, उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू ठेवले आणि विज्ञानापासून कायद्यापर्यंतचे ग्रंथ उर्दूत आणण्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खाते चालविले. भारतीय भाषेत उच्च शिक्षण देण्याचा तो मोठा आणि विद्वत्तापूर्ण उपक्रम होता. १९४८ नंतर विद्यापीठाचे माध्यम इंग्रजी झाले आणि ती परिश्रमाने घडविलेली शास्त्रीय परिभाषा आमच्या परिसराच्या व्यवहारातून ओसरली. त्याच राजवटीतील 'पटवारी', 'गिरदावर' यांसारखे शब्द मात्र मराठवाड्यातील वडीलधाऱ्यांच्या तोंडी राहिले. जे शब्द माणसांना रोज वाक्यात लागत होते ते राहिले. यावरून आम्ही एवढाच निष्कर्ष काढतो, की कोशातील शब्दाला वाक्याचा आधार लागतो आणि वाक्याला कामाचा. माऊसला 'मूषक' म्हटले काय किंवा माऊसच ठेवले काय, त्याविषयीचे गद्य लिहिले गेले नाही तर दोन्ही शब्द सारखेच निराधार. विंडोजसाठी मराठी भाषेची जोड उपलब्ध आहे. आमच्या परिसरातील एकाही संगणकावर आम्ही ती लावलेली पाहिलेली नाही. याचे कारणही हेच असावे. खिडकीवरचे शब्द मराठी झाले, परंतु अडचण आल्यावर वाचावयाचे पान मराठी झाले नाही.

आमच्या मतावर घेतले जाणारे दोन आक्षेप येथे विचारात घेतो. पहिला असा, की हे तंत्रज्ञाचे काम. साहित्याच्या अध्यापकाने साहित्य शिकवावे. तंत्रज्ञाला कळते हे खरे, पण त्याला लिहावयास कोण शिकविणार? ज्याला माहिती आहे त्याच्याजवळ गद्य नाही आणि ज्याच्याजवळ गद्य आहे त्याला माहितीचे वावडे, अशी फारकत पडल्यामुळेच यंत्राबरोबर येणारी मराठी पत्रके वाचवत नाहीत. 'वापरकर्त्याद्वारे उपकरणाची संलग्नता सुनिश्चित केली जावी' असे वाक्य छापून येते. 'वायर घट्ट बसली आहे का ते पाहा' असे येत नाही. दुसऱ्या वाक्यासाठी तंत्रज्ञानाची पदवी लागत नाही. म्हाइंभटांच्या 'लीळाचरित्रा'तील आखूड, क्रियापदाला धरून चालणारी वाक्ये ज्याने लक्षपूर्वक वाचली आहेत, त्याला असे वाक्य लिहिणे जड जाऊ नये. तेराव्या शतकात मराठी गद्याला जे साधले होते, ते आजच्या सूचनापत्रकाला का साधू नये?

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. माऊस काही शे रुपयांत नवा मिळतो. एवढा खटाटोप कशासाठी? परंतु दोष खाचेत किंवा संगणकात असेल तर नवा माऊसही हलणार नाही, आणि निदान न करता केलेला खर्च हा आमच्या विद्यार्थ्यांसाठी लहान खर्च नव्हे. शिवाय मुदतीच्या रात्री दुकान उघडे नसते. मोबाइलवरील चित्रफितींतून सारे शिकता येते, असेही सांगितले जाते. येत असेलही, पण चित्रफीत पाहणारा दुसऱ्याच्या हाताचे अनुकरण करतो, आणि आपले यंत्र चित्रफितीतील यंत्राहून वेगळे निघाले की तेथेच थांबतो. लिहिलेल्या पानात 'असे असेल तर हे, तसे असेल तर ते' असे फाटे देता येतात. हा 'जर-तर' गद्याचा प्रांत आहे.

म्हणून एक साधी सूचना करतो. उपयोजित मराठीच्या अभ्यासक्रमांत अर्जलेखन, वृत्तलेखन, जाहिरातलेखन शिकविले जाते. त्यांच्या जोडीला एक पानाचे दुरुस्तीलेखन असावे. विषय विद्यार्थ्याने आपल्या परिसरातून निवडावा : माऊस, मोबाइलचा चार्जर, शिलाई यंत्र, फवारणीचा पंप, विहिरीवरची मोटार. मात्र विजेच्या यंत्रांबाबत कोठे थांबावे आणि जाणकारास केव्हा बोलवावे, हेही त्या पानात स्पष्ट लिहिलेले असावे. मूल्यमापन अध्यापकाने एकट्याने करू नये. ते पान प्रथम वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याच्या हाती द्यावे, लिहिणाऱ्याने बाजूला गप्प बसावे, आणि वाचणाऱ्याला केवळ त्या पानाच्या आधारे दोष सापडतो का, हे पाहावे. कोठे तो अडखळला, कोणत्या शब्दापाशी त्याने मान वर केली, कोणत्या पायरीचा क्रम चुकला, हे सर्व त्या पानाचे समीक्षण. समीक्षेच्या तासाला आम्ही 'संप्रेषण' हा शब्द वर्षानुवर्षे वापरीत आलो आहोत. ते घडले की नाही याचा इतका रोकडा पडताळा दुसरीकडे क्वचितच मिळतो.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्याचा आनंद आम्हांसही आहे. अभिजाततेचा आधार जुन्या ग्रंथांत आहे आणि तो सांभाळलाच पाहिजे. परंतु भाषेची आजची प्रकृती तिच्या साध्या कामांवरून ओळखावी लागते. वर उल्लेखिलेल्या विद्यार्थिनीने ती बारा पाने पुन्हा लिहून काढली आणि प्रबंध मुदतीत दिला. नंतर तिने आमच्या सांगण्यावरून माऊसविषयीचे एक पान लिहिले. ते आमच्या विभागातील संगणकाशेजारी भिंतीवर लावले आहे. त्याचे पहिले वाक्य असे आहे : 'आधी कंट्रोल आणि एस दाबा, मग घाबरा.' दुसऱ्या विभागांतील विद्यार्थीही आता ते पान उतरवून नेतात.